तारखेचा रकाना

तिमोर-लेस्तेच्या (पूर्व तिमोरच्या) आसियान प्रवेशाची, म्हणजे आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेत सामील होण्याची, तयारी ऐन भरात होती तेव्हा मी त्याच्या राजधानीत, दिलीत, काम करत होते. देशाचा अर्ज २०११ चा. तत्त्वतः होकार नोव्हेंबर २०२२ मध्ये मिळाला आणि पूर्ण सदस्य होण्याआधी काय काय पुरं करायचं याचा आराखडा मे २०२३ मध्ये ठरला. आमच्या छोट्या गटाकडे त्यातलं एक रूक्ष काम आलं होतं. आसियानचा एकेक करार वाचायचा आणि त्यातली कोणती जबाबदारी कधीपासून लागू होणार, ते तक्त्यात भरायचं.

एका सकाळी आसियानचा २००९ चा मालव्यापार करार घेतला होता. माझा तिमोरी सहकारी नवा वकील होता, हाताला वेग होता. आयातशुल्क शून्यावर आणण्याच्या ओळीसमोर त्याने लिहिलं होतं: २०१८.

मी कारण विचारलं. तो म्हणाला, आधीच्या सहा देशांना २०१० ची मुदत होती, मागून आलेल्यांना २०१५ ची, आणि काही वस्तूंसाठी २०१८ पर्यंत सवलत. आपणही मागून येणारे, म्हणून शेवटची तारीख.

तर्क चुकीचा नव्हता. पण ते साल उलटून गेलं होतं. तक्ता तसाच पुढे गेला असता तर देश ज्या दिवशी सही करणार, त्याच दिवशी करारभंगात सापडणार, असा त्याचा अर्थ झाला असता. आणि ‘आमचा देशांतर्गत कायदा अजून तयार नाही’ ही सबब चालत नाही. करारांविषयीच्या १९६९ च्या व्हिएन्ना संकेताचं कलम २७ त्याबाबत स्पष्ट आहे.

आम्ही मूळ मजकूर पुन्हा शब्दशः वाचला. २०१५ ची मुदत ‘नव्या सदस्यांना’ अशी मोघम दिलेलीच नव्हती. ती चार देशांची नावं घेऊन दिली होती: व्हिएतनाम १९९५ मध्ये आला, लाओस आणि म्यानमार १९९७ मध्ये, कंबोडिया १९९९ मध्ये. तिमोर-लेस्ते स्वतंत्र झालं २००२ साली, त्याचं नाव तिथे असणार कुठून? म्हणजे त्याच्यासाठी तारीख ठरलेलीच नव्हती, ती वाटाघाटीत मिळवायची होती. रकाना रिकामा ठेवणं हेच तिथे बरोबर उत्तर होतं.

मला हायसं वाटलं, पण सहकाऱ्याचं समाधान झालं नव्हतं. त्याने आपल्या राज्यघटनेचं कलम ९ उघडलं. आंतरराष्ट्रीय करार देशात लागू व्हायचा तर सक्षम संस्थेची मान्यता हवी, आणि त्यानंतर तो राजपत्रात, जोर्नाल दा रेपुब्लिकामध्ये, छापून यायला हवा. आसियानचं कामकाज इंग्रजीत, देशाच्या अधिकृत भाषा तेतुम आणि पोर्तुगीज, म्हणजे अनुवादही आला. क्वालालंपूरला सही झाली म्हणून बंदरावरच्या सीमाशुल्क अधिकाऱ्याच्या हातात नियम येत नाही, असं तो म्हणाला. हे मला सुचायला हवं होतं. मी आसियानच्या बाजूने वाचत होते, तो आपल्या देशाच्या बाजूने.

आसियान सनदेच्या कलम ६ मध्ये प्रवेशाच्या चार अटी आहेत. देश आग्नेय आशियात असावा, सर्व सदस्यांनी त्याला मान्यता दिलेली असावी, सनद पाळण्याचं त्याने कबूल करावं, आणि जबाबदाऱ्या पेलण्याची क्षमता व इच्छा असावी. माझ्या मते खरा कस चौथीचा लागतो. पहिली नकाशाच ठरवतो. क्षमता मात्र अशा अनुवादांत, राजपत्राच्या अंकांत आणि ते वाचून काम करणाऱ्या माणसांत असते.

दुपारी आम्ही तो एक रकाना मोडून तीन केले: सहीची तारीख, देशावर बंधन येण्याची तारीख, राजपत्रात छापल्याची तारीख. जवळजवळ सगळा तक्ता रिकामा झाला. वरिष्ठांना ते आवडलं नाही. आदल्या दिवसापर्यंत भरलेलं काम पुसलेलं दिसत होतं, म्हणून त्यांचा राग मला समजला. तरीही आम्ही मागे हटलो नाही.

एका ओळीत मात्र खात्रीने लिहिता आलं. १९७६ चा मैत्री आणि सहकार्य करार यादीत ‘अजून सामील व्हायचे’ या गटात पडला होता, प्रत्यक्षात तिमोर-लेस्ते त्यात २००७ मध्येच सामील झालं होतं. सहकाऱ्याने ते साल भरलं आणि राजपत्राचा जुना अंक शोधायला उठला.