माइनच!

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी दुसरीच्या वर्गाला मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांतून शिकवते हे कळलं, की बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "पोरांचा गोंधळ नाही उडत? आणि तुम्हाला त्यात मजा कसली येते?"

उडतो की! मजा त्यातलीच.

परवा मी 'पंचवीस' म्हटलं आणि एका पठ्ठ्याने वहीत ५२ लिहिले. खोडायला सांगणार, तेवढ्यात तो म्हणाला, "बाई, तुम्ही आधी पाच म्हणालात ना? मग मी पण आधी पाच लिहिला." यावर काय बोलणार! मग मी फळ्यावर लिहून दाखवलं: मराठी आधी पाच सांगते मग वीस, इंग्रजी आधी ट्वेंटी मग फाइव्ह, लिहायचं मात्र दोन्हीकडे सारखंच. चांगलं समजावलं म्हणून मी जरा खुशीत होते. तर मागच्या बाकावरून आवाज, "मग फोर्टीनमध्ये फोर आधी का?" तेरा ते एकोणीस इंग्रजीही आपल्यासारखीच उलटी चालते, हे इतकी वर्षं शिकवूनही माझ्या ध्यानात आलं नव्हतं. तो दिवस फार छान गेला.

असंच एकदा 'वुई'चा अर्थ सांगत होते. लगेच प्रश्न आला, "म्हणजे आपण, की आम्ही?" दोन्ही, म्हटलं. "मग मला नेणार की नाही, ते कसं कळायचं?" खरंच, कसं कळायचं?

पण सगळ्यात जास्त आठवते ती एक गप्प मुलगी. नवी भाषा कानावर पडायला लागली की काही मुलं आधी नुसती ऐकत राहतात. आठवडेच्या आठवडे, कधी महिने. पालक घाबरतात. मग पालकसभेत मी जिम कमिन्स या कॅनडातल्या अभ्यासकाचा दाखला देते. गप्पांची भाषा वेगळी आणि अभ्यासाची वेगळी, हा फरक त्यांनी १९७९ मध्ये मांडला. पहिली दोनेक वर्षांत जमते, दुसरीला पाच-सात वर्षंही लागू शकतात. पालकांना धीर येतो. मला मात्र येत नाही. ही मुलगी अर्धं वर्ष इंग्रजीत एक अक्षर बोलली नाही, तेव्हा मी रोज घरी जाताना आपलं काय चुकतंय याचाच विचार करायचे.

एक दिवस शेजारच्याने तिचं खोडरबर उचललं. तिने हात पुढे केला. त्याने मूठ घट्ट मिटली आणि वर म्हणाला, "धिस इज माइन." ती दोन क्षण त्याच्याकडे बघत राहिली, आणि मग ठणकावून म्हणाली, "नो! धिस इज माइनच!"

काय तो 'च'! हेच इंग्रजीत सांगायचं तर आवाज चढवा, नाहीतर आणखी दोन शब्द जोडा. हिचं काम एका अक्षरात झालं. खरं तर मी तिथल्या तिथे वाक्य सुधारून द्यायला हवं होतं. नाही दिलं. फळ्याकडे तोंड करून उगाचच तारीख पुसली आणि पुन्हा लिहिली.

खोडरबर तिला मिळालं. आता अर्धा वर्ग 'आय वोंटच' म्हणतो, आणि पुढच्या पालकसभेत त्याचा जाब मलाच द्यायचाय.