दिवे लावले की अंगात येणारी गाडी

चिपळुणात वायरिंगचं काम करायचं तर जुन्या गाडीच्या मालकाला आधी एकच विचारावं लागतं: महापुरात होती का? २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी गावात शिरलं. तेव्हा बुडालेल्या गाड्या पुढे धुतल्या, सीट वाळवल्या, ऑइल बदललं आणि पुन्हा रस्त्यावर आल्या. बोल्टाखाली आणि लगच्या, म्हणजे वायरीच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या कडीच्या, तोंडात शिरलेला चिखल मात्र तसाच राहिला. त्या पाण्याची बिलं आम्ही अजूनही फाडतो आहोत.

ही गाडी एका निवृत्त सरांची. जुनी पेट्रोल, इंजेक्शनची, पण अ‍ॅक्सिलरेटर अजून केबलचा. पुरात होतीच. सर म्हणाले, "दिवसा काही म्हणजे काही नाही हो. संध्याकाळी दिवे लावले की हिच्या अंगात येतं. बहादूरशेख नाक्यावर थांबलो की आचके देते आणि बंद पडते. शेजारचे म्हणाले, एक नारळ ठेवा."

नारळ सोडून बाकी सगळं झालं होतं. बिलांची फाइलच आणली होती त्यांनी. थ्रॉटल बॉडी साफ, प्लग नवे, आयडल व्हॉल्व्ह (गाडी उभी असताना इंजिनचा वेग सांभाळणारा) नवा, बॅटरी नवी (स्टार्टर जड फिरतो म्हणून), आणि शेवटी कुणीतरी जुन्या बाजारातला ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटरसुद्धा बसवून दिला होता. मूळचा ईसीएम पिशवीत घालून डिकीत.

मला त्या फाइलपेक्षा 'दिवे लावले की' हे शब्द जास्त कामाचे वाटले. पार्ट खराब असेल तर तो सकाळ-संध्याकाळ बघत नाही. वीज जास्त खेचली की दुखणं उठतं, म्हणजे विजेच्या वाटेत कुठेतरी अडचण आहे. त्यात स्टार्टरही जड. जाणाऱ्या बाजूला चार्जिंग १४ व्होल्ट, एकदम ठीक. मग राहिली परतीची वाट, म्हणजे अर्थिंग.

इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणून ते बॉडीपासून विजेच्या दृष्टीने तुटलेलंच असतं. त्याला जोडणारी एक जाड निगेटिव्ह वायर. या गाडीत ती बॅटरीपासून निघून तिच्याच ट्रेखालून गिअरबॉक्सच्या बोल्टाला जाते. आधीच्या मेकॅनिकने ती तपासली नव्हती असं नाही. वायर सलग आहे की तुटली, हे सांगणारी मीटरची बीप वाजवून बघितली होती. पण बीपला काय लागतं? वायरीत एक तार शाबूत असली तरी मीटर खुशाल वाजतो, कारण त्याचा स्वतःचा करंट नगण्य. फक्त ०.०२ ओहम अडथळा घ्या. बीपला तो कळतही नाही. पण हेडलाइट, ब्लोअर, रेडिएटर फॅन मिळून ३० अँपिअर गेले की तिथेच ०.६ व्होल्ट अडकतात. मोरी तुंबलेली असली तरी तांब्याभर पाणी जातंच. बादली ओतली की कळतं.

म्हणून इंजिन चालू ठेवलं, सगळे दिवे लावले, ब्लोअर पूर्ण सोडला. मीटरचा काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, लाल थेट इंजिनच्या कोऱ्या धातूवर. इथे ०.१, फार तर ०.२ व्होल्ट चालतो. मीटरवर उणे ०.७. तिकडे आरपीएम पाचशे आणि तेराशेच्या मध्ये झोके घेतोय.

हाताखालचा पोरगा म्हणाला, "दादा, प्रोब उलटे लागले." उलटे नव्हते. अल्टरनेटर, म्हणजे गाडी चालू असताना वीज बनवणारा, इंजिनवर असतो. गाडी चालू असताना दिव्यांचा करंट बॉडीतून इंजिनकडे परत येतो, म्हणून आकडा उणे. मी त्याला स्टार्टर मारायला लावला, तेव्हा करंट इंजिनकडून बॅटरीकडे निघाला आणि तोच आकडा अधिक झाला, तोही चांगला दीड व्होल्ट. उणे-अधिकचा हा खेळ मला आजही आवडतो. वायर न सोडता कळतं की दुखणं नेमकं इंजिन आणि बॅटरीच्या मधेच आहे.

तेवढ्यात पोरगा ओरडला. त्याने अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलवर हात टेकवला होता आणि ती तापली होती. जाड वायर हरली की स्टार्टरचा करंट मिळेल त्या लोखंडी वाटेने पळतो, आणि इथे त्याला ती केबल सापडली होती. आतलं प्लास्टिक वितळून ती अडकायलाही लागली होती. आयडल बिघडायला हे दुसरं कारण, पहिल्यातूनच जन्मलेलं.

आयडलचा आणि अर्थिंगचा संबंध सरांना पटेना. धुरातला ऑक्सिजन बघून पेट्रोल कमी की जास्त ते सांगणारा ऑक्सिजन सेन्सर जेमतेम ०.१ ते ०.९ व्होल्टच्या भाषेत बोलतो. त्याची अर्थिंग इंजिनवर आणि ईसीएमची दुसरीकडे असेल, तर मधल्या अर्ध्या-पाऊण व्होल्टात त्याचं सगळं बोलणंच बदलतं. ईसीएम त्यावर विश्वास ठेवून पेट्रोल कमी-जास्त करत बसतो. मग ईसीएम बदलून काय होणार? नवाही तेच ऐकणार.

समजावण्यापेक्षा मी जंपर केबल घेतली आणि बॅटरीचा निगेटिव्ह थेट इंजिनला जोडला. झोके त्याच क्षणी थांबले. आठशेवर काटा असा बसला की सर गाडीत वाकून बघायला लागले, बंद तर पडली नाही ना.

पुढचं काम हातोडी-पान्याचं. ट्रे काढला तर खाली लग हिरवागार, तार दाबल्यावर भुगा. नवी जाड वायर क्रिम्प केली, बोल्टाची जागा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासली, आवळून वरून पेट्रोलियम जेली. बॉडीच्या अर्थिंगखाली तर रंग तसाच होता, पुरानंतर पेंटिंग करताना कुणीतरी रंगावरच बोल्ट आवळलेला, तोही खरवडला. अ‍ॅक्सिलरेटरची केबलही नवी टाकली. सगळा लोड लावून आकडा ०.०५.

बॅटरी सुटल्यामुळे ईसीएम शिकलेलं विसरतो, म्हणून एसी चालू-बंद करत थोडा वेळ गाडी उभीच चालवली. मूळचा ईसीएम परत बसवला, तोही चांगलाच निघाला. जुन्या बाजारातला मात्र विकणारा परत घेत नाही. तो आता पिशवीत घालून डिकीत.