न्यू जर्सीत शॉटगनचं कार्ड काढताना: माझा अनुभव

ऑफिसातला एकजण दर शनिवारी मातीच्या तबकड्या उडवायला शूटिंग रेंजवर जातो, त्याच्यासोबत दोन-तीनदा गेलो आणि मलाही चटक लागली, म्हटलं आपली स्वतःची शॉटगन घेऊ. पेनसिल्व्हेनियातला माझा आतेभाऊ हसला, कारण त्याच्याकडे परवाना वगैरे काही लागत नाही, दुकानात बॅकग्राऊंड चेक झाला की तासाभरात बंदूक घेऊन घरी. आमच्या दोन राज्यांच्या मधे फक्त डेलावेअर नदी!

आमच्याकडे आधी फायरआर्म्स आयडी कार्ड, म्हणजे बंदूक विकत घ्यायची परवानगी. २०२२ च्या कायद्यापासून त्यासाठी सेफ्टी कोर्स पण करावा लागतो आणि कार्ड दहा वर्षांनी रिन्यू करायचं. फी ५० डॉलर, बोटांचे ठसे वेगळे. ग्रीन कार्डवर चालतं, एच-वन वाल्यांचं सहसा अवघडच.

हे सगळं ठीक होतं, अडलं ते रेफरन्सवर. हा माणूस बरा आहे असं सांगणारे दोघं हवेत, पोलीस त्यांना विचारतात. पहिल्याच मित्राने कानावर हात ठेवले, त्याचं स्वतःचं ग्रीन कार्ड लटकलंय ना. दुसऱ्याची बायको म्हणाली, भावजी, वहिनींना माहितीये ना हे? शेवटी ऑफिसातला तो आणि गणपतीच्या वर्गणीवाले काका असे दोघं मिळाले.

आणि मग तो प्रश्न. मानसिक आजारासाठी कधी डॉक्टर, सायकियाट्रिस्टकडे गेलात का, आणि रेकॉर्ड तपासायला लेखी संमती द्या. २०२० मधे जॉब गेला तेव्हा मी चार महिने ट्रीटमेंट घेतली होती, झोप उडाली होती पार. खोटं लिहिलं तर गुन्हा, खरं लिहिलं तर अडकणार, रात्रभर विचार केला आणि हो लिहिलं. मग डॉक्टरांचं पत्र आणा, ते पत्र मिळायलाच तीन आठवडे. खूप राग आला. म्हणजे मदत घेतली ती चूक झाली का? असं असेल तर लोक डॉक्टरकडे जायचेच नाहीत ना! पण खरं सांगतो, त्या दिवसांत माझ्या कपाटात बंदूक नव्हती हे बरंच होतं, हे मलाही कळतं.

कायद्यात रहिवाशांसाठी ३० दिवस लिहिलेत, मला लागले ११ आठवडे. दुकानात परत बंदूक खरेदीचा फेडरल फॉर्म ४४७३, परत बॅकग्राऊंड चेक. बायकोची अट एकच होती, आधी तिजोरी मग बंदूक, त्यामुळे तिजोरी दीड महिना रिकामीच पडून होती, मुलीने त्यात तिच्या राख्या ठेवल्या होत्या.

गावी आबांना फोन केला. त्यांच्याकडे शेतसंरक्षणाची ठासणीची बंदूक आहे, माकडं हाकलायला. म्हटलं आबा, मिळाली एकदाची. तर म्हणाले, "माझी पोलिसांकडे जमा आसा, इलेक्शन सरला काय आणूक जातलंय."