मेमँटीनची गोळी आणि जागा विसरणारे उंदीर

परळला आमच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या काकूंना गेल्या वर्षी अल्झायमरचे निदान झाले आणि त्यांच्या औषधांत मेमँटीनची भर पडली. परवा त्यांच्या मुलाने मला जिन्यात गाठून विचारले, "ताई, ही गोळी मेंदूतला एनएमडीए रिसेप्टर अडवते आणि त्या रिसेप्टरशिवाय उंदरांना काही शिकताच येत नाही, असे वाचले. मग आईला ती का देतात?" प्राणिशास्त्र शिकवत असूनही मला उभ्या उभ्या उत्तर देता आले नाही, म्हणून ते इथे लिहीत आहे.

त्याने वाचलेले निम्मे खरे आहे. हा रिसेप्टर म्हणजे मेंदूतल्या पेशींवरचे, संकेत मिळाला की उघडणारे प्रथिनाचे दार. या रिसेप्टरच्या आवश्यक घटकाचे जनुक 1994 मध्ये उंदरांतून समूळ काढले गेले, तेव्हा पिल्ले जन्मानंतर दिवसभरही जगली नाहीत. मेलेले पिल्लू स्मृतीविषयी काय सांगणार? एमआयटीमधील सुसुमु तोनेगावा यांच्या प्रयोगशाळेने 1996 मध्ये यावर तोड काढली. जीवाणूंना ग्रासणाऱ्या एका विषाणूचे क्री नावाचे विकर (एन्झाइम) लॉक्सपी नावाच्या दोन खुणांमधला डीएनए कापून काढते. त्या खुणा जनुकाच्या दोन्ही बाजूंना बसवून, क्री ठरावीक पेशींतच तयार होईल अशी योजना केल्यामुळे, जनुक केवळ हिप्पोकॅम्पस या मेंदूतील स्मृतीशी निगडित केंद्राच्या सीए1 भागातून आणि तेही पिल्लू साधारण तीन आठवड्यांचे झाल्यावर नाहीसे झाले. हे उंदीर वाढले, पोहले. मात्र टाकीतल्या अपारदर्शक पाण्याखाली दडवलेला चौथरा कोणत्या जागी आहे, हे त्यांना नीट शिकता येईना. म्हणजे 'काहीच शिकता येत नाही' हे खरे नव्हे. बिघडली ती जागेची स्मृती.

आता गोळीकडे वळू. या रिसेप्टरच्या मार्गात एरवी मॅग्नेशियमचा आयन बुचासारखा बसलेला असतो. ग्लुटामेट हे संकेत पोचवणारे रसायन येऊन चिकटणे आणि पेशी त्याच वेळी पुरेशी उत्तेजित असणे, या दोन्ही गोष्टी जुळल्या तरच ते बूच निघते आणि कॅल्शियम आत शिरते. अल्झायमरमध्ये मात्र हा मार्ग संकेत नसतानाही थोडाथोडा उघडा राहतो व त्या सततच्या कॅल्शियममुळे पेशींना इजा होते, असे मानले जाते. मेमँटीन ही गळती अडवते, पण तिची पकड सैल असल्याने खरा संकेत आला की बाजूला होते. उंदरात जनुकच काढले होते. इथे रिसेप्टर जागेवरच राहतो. अर्थात गोळीचा लाभ माफक आहे आणि तिने आजार थांबत नाही.

उंदरांवर किती विसंबावे, हा प्रश्न उरतोच. त्यांना आपल्यासारखा अल्झायमर आपोआप होत नाही, त्यासाठी मानवी जनुक घालावे लागते. अशाच उंदरांच्या मेंदूतील अमायलॉइडचे, म्हणजे अल्झायमरमध्ये साचणाऱ्या प्रथिनाचे, थर 1999 मध्ये एका लसीने कमी झाले. माणसांवरील चाचणी मात्र काही रुग्णांच्या मेंदूला सूज आल्यामुळे 2002 मध्ये थांबवावी लागली.

जिन्यात मी त्याला एवढेच म्हणाले होते, की डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नकोस.