चार मिनिटांचा हिशोब

सिनेमाची डबी हातात आली की मी आधी ती उलटी करतो. दर्शनी बाजूवरचे नटनट्यांचे चेहरे, कुठल्याशा वर्तमानपत्राने बहाल केलेले पाच तारे आणि हटकून असणारा 'अजरामर' हा शब्द नंतर पाहिला तरी चालतो. पहिल्यांदा पाहायचा असतो तो पाठीवर बारीक अक्षरांत छापलेला मिनिटांचा आकडा. लंडनच्या पश्चिमेला ईलिंगमध्ये राहायला आल्यापासून, म्हणजे गेली वीसेक वर्षे, मी जुने ब्रिटिश सिनेमे जमवतो आहे आणि एवढ्या वर्षांत अंगवळणी पडलेली ही सवय आता सुटेल असे वाटत नाही. बायकोच्या मते हा किराणा दुकानात पाकिटावरची तारीख पाहण्यातलाच प्रकार आहे, आणि तिचे फारसे चुकत नाही.

हा छंद जडायला आमचा पत्ताच कारणीभूत झाला. घरापासून चालत वीस मिनिटांवर, ईलिंग ग्रीनच्या कडेला, एक साधी पांढरी इमारत आहे आणि तिच्यामागे ईलिंग स्टुडिओ आहे. १९३८ पासून मायकेल बाल्कन यांनी तो चालवला आणि १९५५ मध्ये तो बीबीसीला विकला गेला. पण मधल्या काळात १९४९ या एकाच साली तिथून 'पासपोर्ट टू पिम्लिको', 'व्हिस्की गलोर!' आणि 'काइंड हार्ट्स अँड कोरोनेट्स' असे तीन सिनेमे बाहेर पडले. भाजी आणायला जाताना रोज ज्या भिंतीवरून जायचे, तिच्या आत हे घडले असेल, तर निदान तेवढे तरी घरी असावे, एवढाच माझा मूळ हेतू होता. तीन सिनेमांसाठी केलेल्या कपाटाच्या खणाचे पुढे दोन खण झाले, आणि तिसऱ्यात पाहुण्यांसाठी ठेवलेल्या चादरी कुठे गेल्या हे आता कोणी विचारत नाही.

माझा बहुतेक संग्रह इथल्या धर्मादाय दुकानांतून आलेला आहे. लोकांनी दान केलेल्या वस्तू स्वस्तात विकून आलेला पैसा सत्कार्याला लावणारी ही दुकाने इंग्लंडच्या प्रत्येक बाजारपेठेत असतात, आणि तिथे एका पौंडात डीव्हीडी मिळते. काही महिन्यांत एकदा असे होते की एकाच आवडीचे चाळीस-पन्नास सिनेमे एकदम फळीवर येतात. कोणाचे तरी घर रिकामे झाले आहे, हे तेव्हा न सांगता कळते. अशाच एका गठ्ठ्यातून मी 'ब्रीफ एन्काउंटर' घेतला होता. डेव्हिड लीनचा हा १९४५ चा सिनेमा, रेल्वे स्टेशनवरच्या चहाच्या खोलीत भेटणाऱ्या दोन संसारी माणसांचा. घरी येऊन डबी उघडली तेव्हा आत चौकटीच्या कागदाचा एक तुकडा निघाला आणि त्यावर पेन्सिलीने एकाखाली एक तीन तारखा लिहिलेल्या होत्या. तिन्ही वेगवेगळ्या वर्षांच्या, पण तिन्ही २७ डिसेंबरच्या. तो कागद मी होता तसा परत आत ठेवला आहे. एरवी डब्यांमधले कागद मी काढून टाकतो.

आता त्या मिनिटांकडे वळतो. सिनेमा चित्रित होतो आणि चित्रगृहात दाखवला जातो तो सेकंदाला २४ चित्रांच्या गतीने. ब्रिटनमधली दूरचित्रवाणीची जुनी पद्धत, जिला पाल म्हणतात, ती मात्र सेकंदाला २५ चित्रे दाखवते. सिनेमा कॅसेटवर किंवा डीव्हीडीवर उतरवताना या एका चित्राची तजवीज करण्याचा सोपा मार्ग असा होता की सगळा सिनेमाच किंचित वेगाने पळवायचा. हा वेग चार टक्क्यांहून थोडा जास्त असतो आणि डोळ्यांना तो मुळीच कळत नाही. कॅरल रीड यांचा 'द थर्ड मॅन' लंडनच्या चित्रगृहांत १०४ मिनिटे चालत असे. माझ्या जुन्या डीव्हीडीवर तो १०० मिनिटांत संपतो. एकही दृश्य कापलेले नाही, एकही वाक्य गाळलेले नाही, आणि तरी चार मिनिटे नाहीत. कोणी काही चोरलेले नाही पण घरातले काहीतरी कमी झाले आहे, अशी ही अवस्था आहे.

डोळ्यांना जे कळत नाही ते कानाला कळते, हे मला वडिलांमुळे समजले. दहा वर्षांपूर्वी बाबा पुण्याहून उन्हाळ्यापुरते आमच्याकडे आले होते. ते आयुष्यभर पेटी वाजवत आले. इथे आल्यावरही सकाळी माझ्या मुलीच्या छोट्या पेटीवर अर्धा तास बसत. 'द थर्ड मॅन'ला व्हिएन्नाच्या आंटोन काराशने झिथर या एकाच तंतुवाद्यावर संगीत दिले आहे. त्याची गत बाबांना इतकी आवडली की दुसऱ्या दिवशी ती त्यांनी पेटीवर बसवली. आठवड्याने तोच सिनेमा मी नव्याने आलेल्या ब्लू-रेवर लावला, कारण चित्र किती स्वच्छ झाले आहे ते मला त्यांना दाखवायचे होते. चित्राबद्दल ते काहीच बोलले नाहीत. सुरुवातीच्या तारा वाजताच म्हणाले, "अरे, त्या दिवशी पट्टी वर होती. आज उतरली आहे." मी म्हटले, "बाबा, तोच सिनेमा आहे." त्यावर ते उठले, आतून पेटी घेऊन आले आणि मला दोन्ही आवृत्त्या आलटून पालटून लावायला सांगून त्यांनी हिशोब करून दाखवला. वेग वाढला की सूरही चढतो, आणि या गतीच्या फरकाने तो सुमारे पाऊण अर्धस्वर चढतो. म्हणजे पांढरी चारमध्ये वाजलेले पुष्कळसे काळी तीनच्या दारात जाऊन उभे राहते. ब्लू-रे २४ चित्रांच्याच गतीने चालत असल्यामुळे तिथे काराश आपल्या मूळ पट्टीत होता. जाता जाता सांगायचे तर भारतातली जुनी दूरचित्रवाणीही पाल पद्धतीचीच होती. त्यामुळे 'छायागीत'मध्ये आपण वर्षानुवर्षे ऐकलेली गाणीही अशीच थोडी चढलेली असणार, हे कळल्यावर बाबा पुष्कळ वेळ गप्प बसले होते.

त्या दिवसापासून 'एकच सिनेमा किती वेळा विकत घ्यायचा' या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर आहे, जरी ते घरात मान्य झालेले नसले तरी. 'द रेड शूज' माझ्याकडे तीन प्रकारचा आहे. पॉवेल आणि प्रेसबर्गर या जोडीचा हा १९४८ चा सिनेमा टेक्निकलर पद्धतीने रंगवलेला आहे. त्यासाठीचा कॅमेरा एकाच वेळी तीन वेगळ्या फिल्मपट्ट्यांवर चित्रण करत असे आणि त्या तिन्ही एकमेकींवर बसवून रंग सिद्ध होत. माझ्या व्हीएचएस कॅसेटवर नायिकेचे लाल बूट आपल्या कडा सोडून बाहेर पसरतात, टीपकागदावर शाई फुटावी तसे. नृत्यात ती गिरकी घेते तेव्हा लाल रंग तिच्या अर्धा पाऊल मागे राहतो. डीव्हीडीवर बूट आपल्या जागी येतात, पण कडांना हिरवट रेघ दिसते, कारण इतक्या वर्षांत त्या तीन पट्ट्या कमीअधिक आक्रसल्या होत्या. शिवाय मूळ फिल्मला बुरशीही लागली होती. मार्टिन स्कोर्सेसी यांच्या पुढाकाराने तिचे पुनरुज्जीवन होऊन २००९ मध्ये ती कान महोत्सवात दाखवली गेली, आणि माझी तिसरी प्रत त्यानंतरची आहे. तिच्यात बुटांच्या रिबिनीवर पडलेली सुरकुतीसुद्धा दिसते.

स्वच्छतेचाही कधी कधी तोटा होतो. याच जोडीच्या १९४७ च्या 'ब्लॅक नार्सिसस'मध्ये हिमालयातला एक मठ आहे, आणि त्यासाठी सारे मंडळ इंग्लंड सोडून कुठेही गेले नव्हते. पर्वत काचेवर रंगवलेले आहेत, दरी पाइनवूड स्टुडिओत आहे आणि बाग ससेक्समधली आहे. कॅसेटच्या धूसरपणात मला तो हिमालय खराच वाटला होता. ब्लू-रेवर कुंचल्याचे फटकारे दिसू लागले. तरी मला तो अधिकच आवडला, हे मात्र कबूल करायला हवे. खरा हिमालय मी दोनदा पाहिला आहे आणि दोन्ही वेळा ढग होते.

या छंदातली खरी गंमत अशी की अनेक ब्रिटिश सिनेमांच्या उत्तम प्रती कित्येक वर्षे न्यूयॉर्कच्या क्रायटेरियन या प्रकाशनाकडूनच येत, आणि अमेरिकेचे विभाग-कुलूप लावलेल्या त्या डीव्हीडी ब्रिटनमधल्या सामान्य यंत्रावर चालत नसत. ब्रिटनची चीजवस्तू परदेशातल्या कपाटात बंद आहे आणि ती पाहण्यासाठी ब्रिटिश माणसाला खटपट करावी लागते आहे, हे दृश्य जगाच्या इतिहासात वारंवार दिसत नाही. मी ते मनापासून उपभोगले. अमेरिकेत सिनेमेही थोडे बदलत. 'काइंड हार्ट्स'मध्ये वारसाहक्कासाठी एकेक नातेवाईक संपवणारा नायक (त्या घराण्यातल्या आठ जणांच्या भूमिका एकट्या अ‍ॅलेक गिनेसने केल्या आहेत) तुरुंगातून सुटतो आणि आपले कबुलीवजा आत्मचरित्र कोठडीतच राहिल्याचे त्याला आठवते. ब्रिटिश सिनेमा तिथेच थांबतो. अमेरिकन प्रतीला काही सेकंदांची पुस्ती जोडून ते कागद अधिकाऱ्यांच्या हाती पडल्याचे दाखवावे लागले, कारण गुन्हा पचता कामा नये असा तिथला नियम होता. 'द थर्ड मॅन'चेही तसेच: अमेरिकेत तो कापून ९३ मिनिटांचा केला गेला, आणि सुरुवातीचे निवेदन ब्रिटिश प्रतीत स्वतः कॅरल रीड करतात तर तिथे नायकाचे काम करणारा जोसेफ कॉटन करतो. ही आवृत्ती माझ्याकडे नव्हती.

गेल्या रविवारी आम्ही दोघे एका कार बूट सेलला गेलो होतो. मैदानात ओळीने लावलेल्या गाड्यांच्या डिक्या उघडून लोक घरातली अडगळ विकत बसतात, तो बाजार. बायको कुंड्या पाहत होती. एका खोक्यात कपबश्यांखाली मला 'द थर्ड मॅन'ची व्हीएचएस कॅसेट दिसली. सवयीने उलटी केली. अमेरिकन छापाची होती, म्हणजे आमच्या घरातल्या कोणत्याही यंत्रावर ती लागण्याची शक्यता नव्हती. आणि पाठीवर, स्टिकर उचकटल्याच्या खुणेशेजारी, ९३ मिनिटे असे स्पष्ट छापलेले होते.

मी पन्नास पेन्स मोजून ती पिशवीत टाकली. गाडीत बसताना पिशवीतून तिचे टोक बाहेर आले.

"अहो, हा आहे ना आपल्याकडे?"

"हा नाही," मी म्हटले.