जोते कशाचे?

यंदा डिसेंबरात दोन रात्री दाजीपूरच्या जंगलालगतच्या लाकडी केबिनमध्ये मुक्काम करायचा, असे आमच्या घरात भाऊबीजेच्या दुपारी ठरले आणि त्याच संध्याकाळी फ्रिजच्या दारावर सामानाची यादी लागली. दाजीपूर कोल्हापुरापासून 80 किलोमीटरच्या आसपास. हळदी, परिते अशी गावे मागे टाकत, गळीत हंगामातल्या उसाच्या ट्रॉल्यांमागे धीर धरत राधानगरी गाठायची आणि मग धरणाच्या पाण्याच्या कडेकडेने वर जायचे, इतकाच प्रवास. एवढ्याशा प्रवासासाठी महिनाभर आधी यादी कशाला, असे कुणी विचारले नाही, कारण यादी करणे हा आमच्याकडे सहलीचाच पहिला दिवस मानला जातो.

पहिली यादी धाकट्या भावाने केली. ती वाचताना माझ्या लक्षात आले की ही जंगलाची यादी नव्हे, रस्सा मंडळाची आहे. कोल्हापूरच्या माणसाला उघड्यावर रात्र काढण्याचा जो काही अनुभव असतो, तो बहुधा रस्सा मंडळाचा असतो: कुणाच्या तरी मळ्यातली विहीर, तीन दगडांची चूल, तिच्यावर वीस माणसांचे पातेले आणि मीठ घालण्याचा अधिकार कोणाचा यावरून मध्यरात्रीपर्यंत चाललेली खडाजंगी. त्यामुळे यादीत दोन पातेली, कांदा-लसूण चटणीची बरणी, पांढऱ्या रश्श्यासाठी खसखस, तीळ आणि खोबरे, कोळशाचे पोते आणि शेवटी ‘स्पीकर (मोठा)’ अशी नोंद होती. जंगल या शब्दाला त्या यादीत कुठे जागाच उरली नव्हती.

कोळशाचे पोते सर्वांत आधी खोडावे लागले. अभयारण्याला धोका होईल अशा रीतीने तिथे विस्तव पेटवायला वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 ने मनाई केली आहे, आणि केबिन हद्दीच्या बाहेर असली तरी वाऱ्याला हद्द कळत नाही. डिसेंबरात सड्यावरचे गवत वाळून पिवळे पडलेले असते, झाडांखाली पाचोळ्याचा थर असतो, आणि अशा ठिकाणी ठिणगी किती लांब जाईल हे मळ्यातल्या चुलीच्या हिशेबाने सांगता येत नाही. चूल गेली तशी पातेली गेली, आणि पातेल्यांबरोबर खसखसही गेली. त्यांच्या जागी दशम्या, शेंगदाण्याच्या पोळ्या, खर्डा आणि भडंग आले. केबिनवाले दोन वेळचे साधे जेवण देणार आहेत, तरीही खर्डा लागतोच; त्याबाबत कायदा काही म्हणत नाही. स्पीकर खोडला तेव्हा मात्र भाऊ गंभीर झाला आणि म्हणाला, “मग तिथं जाऊन करायचं काय?”

हा प्रश्न मला हसण्यावारी नेण्यासारखा वाटला नाही. संस्थानकाळात या रानात जाऊन काय करायचे ते स्पष्ट होते, कारण ते कोल्हापूरच्या राजघराण्याच्या शिकारीसाठी राखलेले होते. 1958 मध्ये गव्यांसाठी तिथे अभयारण्य झाले, महाराष्ट्रातले पहिले, आणि 1985 मध्ये त्याची हद्द वाढून आजचे 351 चौरस किलोमीटरचे राधानगरी अभयारण्य आकाराला आले. बंदूक गेल्यापासून तिथे जाणाऱ्या माणसाला गप्प बसून पाहण्याखेरीज काही काम उरलेले नाही, आणि गप्प बसण्याची सवय आमच्या घरात कुणालाच नाही. हजार किलोच्या घरात वजन असलेला, गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे घातल्यासारखा दिसणारा गवा पहाटे किंवा तिन्हीसांजेला चरायला मोकळ्यावर येतो, पण त्याचे नाक तिखट असते आणि माणसाचा वास वाऱ्यावर गेला की तो झाडीत परततो. भावाला मी एवढेच सांगितले की करायचे काय हे गवा ठरवील. त्याचे समाधान झाले नाही, पण स्पीकर यादीत परत आला नाही.

तारखेचा घोळ वेगळाच होता. माझा आग्रह अंधाऱ्या रात्रीचा होता, कारण डिसेंबरच्या 13-14 तारखेच्या सुमारास मिथुन राशीच्या दिशेने उल्कांचा वर्षाव दिसतो आणि कोल्हापुरात, रंकाळ्यावरच्या दिव्यांच्या उजेडात, त्यातल्या मोजक्याच आपल्या वाट्याला येतात. वहिनींना पौर्णिमा हवी होती. बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनखाते पाणवठ्यांवर मचाणे बांधून प्राण्यांची गणना करते, तेव्हा चांदण्यात काहीतरी दिसत असणारच, असा त्यांचा बिनतोड मुद्दा होता. आईने दोन्ही पक्षांचे ऐकून घेतले आणि “अवसेला कोण घराबाहेर पडतंय काय रं?” असे विचारून वादाची हद्द आखून दिली. शेवटी पंचांग काढले, तर त्या तारखांना चतुर्थी-पंचमीची कोर निघाली, जी रात्री दहाच्या आत मावळते. अमावास्याही टळली आणि अंधारही मिळाला. वहिनी अजून पूर्ण राजी नाहीत.

एवढे झाल्यावर मी केबिनचा फोटो गल्लीतल्या सुतारमामांना दाखवला. पत्नीच्या माहेरच्या सागवानी कपाटाला त्यांनीच दोनदा जीवदान दिले आहे, त्यामुळे लाकडाचे काहीही असले तरी ते त्यांना दाखवायची आम्हाला सवय आहे. फोटो सुंदर होता: तांबूस फळ्यांच्या भिंती, उतरते छप्पर, पुढे ओटी आणि तिच्यावर आरामखुर्ची. मामांनी चष्मा कपाळावर चढवला, दोन बोटांनी फोटो मोठा केला, अगदी खालच्या कडेला नेला आणि विचारले, “जोतं कशाचं हाय?”

फोटो जोत्याच्या वरच संपत होता. मामा म्हणाले की भिंत काय, कुणीबी दाखवतंय. त्यांच्या मते आपल्याकडच्या घाटमाथ्यावर लाकडाचे दोन वैरी, पाणी आणि वाळवी, आणि दोन्ही खालून येतात. त्यांच्या बोलण्याला आकड्यांचाही आधार आहे. कोल्हापूर शहरात वर्षाला साधारण 1000 मिलिमीटर पाऊस पडत असेल, तर आपल्याच जिल्ह्यातल्या गगनबावड्यात तो 5000 च्या घरात जातो. असा पाऊस चार महिने सोसणाऱ्या जमिनीला लाकडाचे तोंड टेकवायचे नसते, हे जुन्या घरांना माहीत होते. म्हणून खांब थेट मातीत न पुरता खाली दगडाचा तळखडा ठेवून त्यावर उभा करीत. भिंतीसाठी फळ्या कापण्याच्या भानगडीत गोरगरीब पडतच नसत. कारवीच्या काठ्या उभ्या लावायच्या, कामट्यांनी आवळायच्या आणि वरून शेणमातीचा गिलावा द्यायचा, की कूड तयार. कुजला तर पुढच्या वर्षी नवा घालायचा, कारण कारवी रानात उभीच असते.

खोडावर खोड रचून केलेले घर हे थंड मुलखातले, सरळसोट वाढणाऱ्या सूचिपर्णी झाडांच्या रानातले काम. आपल्याकडच्या जांभळाने, अंजनीने किंवा हिरड्याने इतके सरळ वागायचे कबूल केलेले नाही. तरीही जंगलात राहायचे म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे तेच घर कसे उभे राहते, कुडाचे का नाही, याचा मी त्या रात्री बराच वेळ विचार केला. कुडाच्या घराचा फोटो असता तर मी दोन रात्रींचे इतके पैसे दिले असते का, हा प्रश्न मात्र मी झोप आल्याच्या निमित्ताने अर्धवट सोडला.

दुसऱ्या दिवशी केबिनच्या व्यवस्थापकांना फोन केला. गरम पाणी मिळेल का, गाडी दारापर्यंत येते का, मोबाइलला रेंज आहे का, या प्रश्नांची उत्तरे त्यांनी पाठ असल्यासारखी दिली. मग मी भीत भीत जोत्याचे विचारले. क्षणभर फोनवर काहीच ऐकू आले नाही. “जांभ्याचं हाय की, दोन फूट,” ते म्हणाले, आणि मग त्यांचा आवाज एकदम खाजगीतला झाला. “वर सगळा लोखंडी अँगल हाय, साहेब. फळ्या नुसत्या बाहेरनं मारल्यात.”

माझी लाकडी केबिन अशी एका वाक्यात लोखंडी झाली. मामांना सांगितले तेव्हा मला वाटले होते की ते कारागिराच्या अभिमानाने हसतील, पण त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, “मग निवांत झोपा.” थोडे थांबून त्यांनी विचारले की गाडीत एका माणसाची जागा होईल काय, फळ्या कुठल्या मारल्यात तेवढे बघून येतो. खसखस खोडली होती त्या ओळीवर आता त्यांचे नाव आहे, आणि त्याच्या पुढे, त्यांच्याच सांगण्यावरून, ‘हातोडी (लहान)’.