पारंपरिक गाण्याला आडनाव कुठून आणायचं?

गिरणगावातली जुनी गाणी नव्या चालीत बसवून ऑनलाइन आणायचा विचार असेल, तर आधी एवढंच सांगतो: गाणी ॲपवर चढवताना भरायच्या फॉर्ममधल्या 'गीतकार' या रकान्यात स्वतःचं नाव टाकू नका. सोपं पडतं म्हणून कुणी कितीही आग्रह केला तरी टाकू नका. आम्हाला तो आग्रह पुष्कळांनी केला आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

आमचा बँड लालबाग-परळचा. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा आमच्यातलं कुणी जन्मलंही नव्हतं, पण गाणी आमच्यापर्यंत पोचली. गौरीच्या रात्री चाळीत म्हटलेली, भजनी मंडळातली, आणि जात्याच्या चालीतच भोंगा, पाळी, खाडा, पगार शिरलेल्या ओव्या. माझी आत्या गिरणीत वाइंडिंग खात्यात, म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यात होती, तिच्याकडे तर अशा ओव्यांचा साठाच आहे. त्या आम्ही रेगे या जमैकातल्या संगीतप्रकारात बसवल्या. रेगेच्या 'वन ड्रॉप' ठेक्यात पहिली मात्रा रिकामी सोडतात आणि जोर तिसरीवर येतो. आत्या ओळ उचलते ती नेमकी त्या रिकाम्या जागेनंतर, तिला कुणी काही सांगावं लागलं नाही. गिटारचा मधला 'चक्' आम्ही तुणतुण्याला दिला. रेकॉर्डिंग, मिक्सिंग, मुखपृष्ठ सगळं एकामागोमाग झालं.

मग आला वितरकाचा फॉर्म. गाणी सगळ्या ॲपवर पोचवणारी ही कंपनी असते. पॅन, बँक खातं, गाण्याच्या फाइल्स देऊन झाल्या की प्रत्येक गाण्याचा गीतकार विचारतात, नाव आणि आडनाव दोन्ही सक्तीचं. 'पारंपरिक' लिहिलं तर आडनावाची चौकट लाल होते. मेल केला. उत्तर आलं: गीतकाराचं कायदेशीर पूर्ण नाव भरा. परत लिहिलं की गीतकार माहीत नाही, ही लोकगीतं आहेत. उत्तर आलं: मग गीतकाराचं परवानगीपत्र जोडा. ज्याचं नावच कुणाला ठाऊक नाही त्याची सही आणायची! दर वेळी उत्तर देणारा माणूस वेगळा, त्यामुळे कथा पहिल्यापासून सांगायची. आपण कागद गोळा करेपर्यंत तक्रार आपोआप 'निकाली' निघते, की पुन्हा नवी तक्रार, नवा क्रमांक. फोन नंबर कुठेच नाही. शेवटी त्यांच्या ऑफिसात जाऊन उभा राहिलो, तर रिसेप्शनच्या पुढे सोडेनात. "सर, मेलच करा."

ह्याच काळात सल्ले सुरू झाले. "तुमच्यातल्या कुणाचंही नाव टाका, सगळे तेच करतात." टाकलं असतं तर चौकट हिरवी झाली असती आणि 1 मे ही आमची प्रकाशनाची तारीख साधली असती. पण आत्या आणि तिच्याबरोबरच्या बायकांनी एकमेकींकडून उचललेल्या ओवीवर मी माझं नाव लावू? त्या शब्दांचं मानधन माझ्या खात्यात येऊ देऊ? शिवाय उद्या शिवडीतल्या एखाद्या मुलीने तीच ओवी गाऊन टाकली, तर तिच्या गाण्यावर आमच्या नावाने हक्काचा दावा लागू शकतो. आत्याला विचारलं तर ती म्हणाली, "तुझं नाव कशाला रे त्यावर? तू तर आत्ता शिकलास." विषय संपला. तारीख गेली तर जाऊ दे.

आता कायद्याचं. जुनं आहे, चाळीत ऐकलं म्हणून सगळंच पारंपरिक नसतं. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे ज्ञात कवीच्या शब्दांवर त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतो. अण्णाभाऊ साठे आणि शाहीर अमर शेख दोघेही 1969 साली गेले, म्हणजे त्यांची गाणी 2029 अखेरपर्यंत वारसांच्या परवानगीशिवाय घ्यायची नाहीत. आमच्या यादीतलं तसं एक गाणं आम्ही बाजूला काढलं, कितीही जीव होता तरी. ही चाळणी आधीच करा.

उरलेल्या प्रत्येक गाण्याला आम्ही एक पान केलं: कुणाकडून ऐकलं, ती कुठल्या गावची, कुठल्या चाळीत राहायची, कुठल्या ओळी आम्ही घातल्या, चाल किती बदलली. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात बसून ओव्यांचे जुने संग्रह चाळले आणि जिथे तीच ओळ सापडली त्या पानाचा फोटो जोडला. हेमा राइरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी सुरू केलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पात लाखाहून जास्त ओव्या आहेत, गाणाऱ्या बाईचं नाव-गाव लिहून. 'पारी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) या संस्थेच्या संकेतस्थळावर त्या ऐकायला मिळतात. कागद कसा करायचा हे मी तिथून शिकलो.

हे सगळं एकाच फाइलमध्ये पाठवल्यावर पहिल्यांदा कुणीतरी वाचलं असावं. त्यांनी आमच्या खात्यावर आतून 'पारंपरिक' हा पर्याय उघडून दिला. म्हणजे तो होता! एवढे दिवस परवानगीपत्र मागत होते आणि पर्याय त्यांच्याकडेच होता. तुमचं अडलं तर पहिल्याच मेलमध्ये हा पर्याय नाव घेऊन मागा. संगीत संयोजन मात्र आमच्या नावावर आहे, ते आम्ही केलंय.

राहिलेलं एक: आत्याचा आवाज आम्ही दोन गाण्यांत वापरलाय. गाणाऱ्याचा स्वतःच्या गायनावर 50 वर्षं हक्क असतो, म्हणून घरचं माणूस असलं तरी लेखी संमती घ्या आणि पैशांचा वाटा त्याच कागदावर लिहा. तिचं नाव गायिका म्हणून प्रत्येक ॲपवर दिसतंय ना, ते स्वतः तपासा. आमच्या एका ॲपवर ते गळलं होतं, भांडून घालून घेतलं.

आणि तारखेच्या बऱ्याच आधी फॉर्म भरा. भाषा 'मराठी' निवडून शीर्षक देवनागरीतच द्या. भाषा एक आणि लिपी दुसरी झाली की गाणं पुन्हा तपासणीच्या रांगेत जातं.